औषध मार्केटमध्येच नाही आणि चिठ्ठी समोर आहे: मेडिकलवाल्याने नेमकं काय करायचं?

सीमाकाठ
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात मेडिकल चालवणाऱ्या आणि तिथे काम करणाऱ्या फार्मासिस्ट मंडळींसाठी हा धागा. गेले काही महिने कधी इन्सुलिन, कधी थायरॉइडची गोळी, कधी मुलांचं सिरप, असं काही ना काही तुटतंच आहे. अशा वेळी काउंटरवर दोनच उत्तरं ऐकू येतात: "नाही, येत नाही" किंवा "हे घ्या, सेमच आहे". दोन्हींनी पेशंटचं नुकसान होतं. मधली वाट कोणती, ती इथे तपशीलवार लिहूया.

आधी कायद्याचं, कारण तिथे गैरसमज फार. औषधे व सौंदर्य प्रसाधने नियम १९४५ मधला नियम ६५(११ए) सांगतो की शेड्यूल एच, एच१ किंवा एक्स (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या याद्या) यांतल्या औषधाच्या चिठ्ठीवर त्याच्या बदल्यात दुसरं काही देता येत नाही, मग त्यात तोच घटक असो वा नसो. म्हणजे डॉक्टरने ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर तोच घटक, तीच ताकद, फक्त कंपनी वेगळी, हाही बदल आपल्या मनाने करायचा नाही. तुटवडा आहे म्हणून यात सूट मिळत नाही. मात्र डॉक्टरने घटकाचं नाव लिहिलं असेल, उदाहरणार्थ 'मेटफॉर्मिन ५००', तर त्या घटकाची, त्या ताकदीची, त्याच प्रकारची कुठलीही कंपनी चालते. तो बदल होत नाही, चिठ्ठीप्रमाणेच औषध दिलं जातं. म्हणून आपापल्या भागातल्या डॉक्टरांना एवढं एक सांगून ठेवा: तुटवड्याच्या औषधांची नावं घटकाने लिहा.

चिठ्ठी हातात आली की मी तीन गोष्टी तपासायला सांगतो. एक, हे औषध एक दिवस चुकलं तर काय होईल? दोन, पेशंटकडे घरी किती दिवसांचं शिल्लक आहे? तीन, आज डॉक्टर फोनवर मिळतील का? पुढचं सगळं या तीन उत्तरांवर ठरतं.

खानापूर_औषधी
नियम बरोबर आहे, पण आमच्याकडे कणकुंबी, जांबोटीकडची माणसं एसटीने येतात. परतीची गाडी तासाभरात. डॉक्टर बेळगावात ओपीडीत, फोन उचलंनात. ब्लडप्रेशरची गोळी वेगळ्या कंपनीची समोर आहे आणि नियम म्हणतो देऊ नका. मोकळ्या हाताने घाट चढून पाठवायचं काय? उत्तर सांगा.

सीमाकाठ
प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर फोन करण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक फोन वाया जातात, कारण आपण "साहेब, ते औषध नाही, काय करू?" असं विचारतो. ओपीडीत बसलेला माणूस त्यावर "नंतर बघू" म्हणणारच. त्याऐवजी डॉक्टरांच्या मोबाइलवर किंवा त्यांच्या कंपाउंडरच्या मोबाइलवर एकच मेसेज पाठवा: पेशंटचं नाव व वय, चिठ्ठीची तारीख, कोणतं औषध कोणत्या ताकदीचं नाही, आमच्याकडे त्याच घटकाचं काय आहे, किती गोळ्या द्यायच्या, पेशंटकडे किती दिवसांचं शिल्लक. डॉक्टरला वाचून लगेच होकार देता आला पाहिजे.

पण नुसता होकार पुरत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरला सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा स्कॅन मेसेजिंग अ‍ॅपवर पाठवता येतो. थेट मेडिकलला पाठवायचा असेल तर पेशंटची स्पष्ट संमती लागते. म्हणजे डॉक्टरने कोऱ्या लेटरहेडवर नवं नाव, ताकद, दिवस, तारीख, सही, नोंदणी क्रमांक लिहून फोटो टाकला की आपल्याकडे नवी चिठ्ठी आली. तिची प्रिंट काढून बिलाच्या कार्बन प्रतीला लावा. शेड्यूल एक्स आणि मादक द्रव्य कायद्याखालची औषधं या वाटेने चालत नाहीत, त्यांच्या नादालाच लागू नका.

आणि फोन लागलाच नाही तर? मूळ ब्रँडच्या उरलेल्या पाच गोळ्या असल्या तरी त्या द्या. पाच दिवस मिळाले. तेवढ्यात डॉक्टर सापडतात.

पेठेतला_फार्मासिस्ट
अर्धवट औषध देण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे नोंदी फार ढिल्या असतात.

चिठ्ठीवर डॉक्टरच्या सहीच्या वरच्या बाजूला दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची हे नियमातच आहे. त्याच्याशेजारी लिहा: '३० पैकी १० दिल्या, बाकी २०'. मूळ चिठ्ठी पेशंटकडेच राहू दे, म्हणजे बाकीच्या गोळ्या गडहिंग्लजला मिळाल्या तर तिथल्या दुकानदारालाही हिशोब कळेल. एच१ चं औषध असेल तर रजिस्टरमध्ये चिठ्ठीतला आकडा लिहायचा नाही, प्रत्यक्ष दिलेला लिहायचा. बाकीच्या गोळ्या देताना दुसरी नोंद. हे रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं असतं.

स्ट्रिप कापताना कात्री ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली आहे त्याच्या विरुद्ध टोकाने चालवा. तुटवड्यात एक स्ट्रिप तिघांत वाटली जाते आणि पहिल्याच माणसाला एक्सपायरीचं टोक दिलं की उरलेल्या गोळ्या अनाथ झाल्या. ज्याला छापील टोक मिळणार नाही त्याच्या पाकिटावर बॅच आणि एक्सपायरी हाताने लिहा. किंमत छापील एमआरपीला गोळ्यांच्या संख्येने भागून येते तेवढीच. सुटी दिली म्हणून रुपयासुद्धा वर घ्यायचा नाही.

औषधशास्त्र_वर्ग
"सेमच आहे" म्हणण्यात सर्वात जास्त धोका इन्सुलिनचा आहे. इन्सुलिन पेनची कार्ट्रिज (पेनात बसणारी नळी) मिळेनाशी झाली की लोकांना वायलवर (सिरिंजने ओढायच्या कुपीवर) आणलं जातं, तिथे गडबड होते.

आपल्याकडची वायल साधारण ४० युनिट प्रति मिली असते, पेनची कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिली. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. आता हिशोब बघा. १०० च्या इन्सुलिनमधून ४० च्या सिरिंजने '२०' च्या रेघेपर्यंत भरलं तर आत अर्धा मिली येतं, म्हणजे ५० युनिट. अडीच पट डोस. पेशंट तासा-दोन तासांत घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो. उलट ४० ची वायल आणि १०० ची सिरिंज घेतली तर '२०' च्या रेघेला ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. शुगर चढत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून नव्या चिठ्ठीवर वायल आली की सिरिंज त्याच बिलात द्या. वायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा पेशंटला शेजारी शेजारी धरून दाखवा. पेन खराब झाला म्हणून कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून औषध ओढायची सवय काही घरांत आहे, ती थांबवायला सांगा.

संख्या काढतानाही चूक होते. सकाळी २०, रात्री १४, म्हणजे दिवसाला ३४, महिन्याला १०२० युनिट. ४० ची १० मिलीची वायल म्हणजे ४०० युनिट, तर ३ वायल लागतात. ३ मिलीची कार्ट्रिज ३०० युनिटची, तर ४. 'एकाला एक' असा हिशोब केला तर एक तर कमी पडतं नाहीतर वाया जातं, आणि तुटवड्यात वाया घालवणं कुणालाच परवडत नाही. उघडलेली वायल साधारण चार आठवडेच वापरायची.

अजून एक. आधुनिक अ‍ॅनालॉग मिक्स जेवायच्या अगदी आधी घेतात. त्याऐवजी डॉक्टरने ह्युमन ३०/७० (झटपट आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण) लिहिलं तर सुई आणि जेवण यांच्यात साधारण अर्धा तास लागतो. ही वेळ बदलल्याचं पेशंटला कुणीच सांगत नाही. ते आपणच सांगायचं. आणि ३०/७० ऐवजी ५०/५० चा खोका हाती येत नाही ना, हे देताना मोठ्याने वाचून बघा.

दूधगंगा
निपाणी. मुलांच्या अँटिबायोटिकबद्दल विचारायचं होतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह ६२५ नसली की ३७५ च्या दोन देतात, आणि डॉक्टरसुद्धा कधी फोनवर "हो" म्हणतात. चालतं का?

औषधशास्त्र_वर्ग
@दूधगंगा, नाही, आणि असा होकार आला तर तिथल्या तिथे डॉक्टरच्या लक्षात आणून द्या, ते ऐकतात. ६२५ म्हणजे अमॉक्सिसिलिन ५०० आणि क्लॅव्ह्युलॅनेट १२५. ३७५ म्हणजे २५० आणि १२५. दोन ३७५ घेतल्या की अमॉक्सिसिलिन ५०० बरोबर होतं, पण क्लॅव्ह्युलॅनेट २५०, दुप्पट. पोट सुटतं, आणि मग पेशंट तिसऱ्या दिवशी कोर्सच सोडून देतो.

सिरपचं मात्र जमतं. २२८.५ च्या सिरपमध्ये ५ मिलीत २०० आणि २८.५, डीएस (दुप्पट ताकदीच्या) ४५७ मध्ये ५ मिलीत ४०० आणि ५७. प्रमाण तेच आहे. त्यामुळे डीएस ५ मिली लिहिलं असेल आणि ते नसेल, तर साध्या सिरपचे १० मिली अशी नवी चिठ्ठी डॉक्टरकडून घेता येते. फक्त बाटल्या दुप्पट लागतात. ५ मिली दिवसातून दोनदा, पाच दिवस म्हणजे ५० मिली. साधं सिरप घेतलं तर १०० मिली, म्हणजे ३० मिलीच्या ४ बाटल्या. चारही एकदम पाणी घालून ठेवू नका असं आईला बजावून सांगा. मिसळलेलं सिरप फ्रिजमध्ये सात दिवसच टिकतं. पहिली संपत आली की दुसरी. मापाच्या टोपीवर पेनने रेघ मारून द्या.

मलप्रभा_तीर
कुठल्या औषधात कंपनी बदलताना हात आखडता घ्यायचा, तेही येऊ दे. माझ्या मते या काही औषधांत डॉक्टरचं लेखी आल्याशिवाय हलायचंच नाही:

फिटच्या गोळ्या. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट. रक्तातलं प्रमाण थोडं खालीवर झालं तरी फिट येऊ शकते. व्हॅल्प्रोएटमध्ये तर आकड्यांचा घोळ आहे: सीआर (सावकाश सुटणाऱ्या) ३०० च्या गोळीत सोडियम व्हॅल्प्रोएट २०० आणि व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड ८७ असतं. डायव्हॅलप्रोएक्सचा आकडा वेगळ्या हिशोबाने लिहिलेला. दोन्हीकडे '५००' दिसलं म्हणून ते एकच नव्हे. सीआर गोळीची पूड करायची नाही, अर्धी करून 'तोवर चालवा' म्हणायचं नाही.

रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन, अ‍ॅसिनोकुमॅरॉल. बदल झालाच तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) कधी करायचा ते डॉक्टरकडून लिहून घ्या.

थायरॉक्सिन. ७५ नसेल तर ५० आणि २५ अशा दोन गोळ्या डॉक्टर सहज लिहून देतात, हा तसा सोपा मार्ग. पण कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी). हे चिठ्ठीवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं राहत नाही.

मेटोप्रोलॉल. याचे दोन प्रकार: सक्सिनेट दिवसातून एकदा, टार्ट्रेट बहुधा दोनदा. ४७.५ सक्सिनेट म्हणजे ५० टार्ट्रेटइतकं, आणि गोळी एकदम बंद झाली तर छातीत दुखणं, ठोके वाढणं सुरू होऊ शकतं. हे 'दोन दिवस थांबा' म्हणण्याचं औषध नव्हे. बराच काळ चाललेल्या प्रेडनिसोलोनचंही तसंच.

चंदगडी_वाट
सीमेवरचे दोन प्रश्न कुणीच घेतले नाहीत, म्हणून लिहितो.

पहिला, माल. कर्नाटकचा माल आणि महाराष्ट्राचा माल कंपन्यांच्या वेगवेगळ्या डेपोंतून येतो. त्यामुळे बेळगावच्या स्टॉकिस्टकडे जे नाही ते कोल्हापूर, मिरज, गडहिंग्लजला असू शकतं, आणि उलटही. परराज्यातल्या होलसेलरकडून आपण खरेदी करू शकतो. त्याचं २०बी/२१बी (घाऊक विक्रीचं) लायसन्स चालू असावं, बिलावर आपला लायसन्स नंबर, बॅच, एक्सपायरी आणि आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) असावा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तरी परराज्यातून खरेदीला अडचण नाही, फक्त परराज्यात विक्री करता येत नाही. इन्सुलिन, लस असा थंड माल एसटीच्या डब्यातून किंवा कुणाच्या तरी गाडीवर मागवू नका. आइस पॅक आणि मधे पुठ्ठा घालून, थेट बर्फाला न टेकता आला पाहिजे. इन्सुलिन गोठलं की ते फेकायचंच, पुन्हा पातळ झालं म्हणून चालत नाही.

दुसरा प्रश्न नाजूक आहे. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडचे पेशंट आयुर्वेदाच्या डॉक्टरची अ‍ॅलोपॅथिक चिठ्ठी घेऊन बेळगाव-निपाणीत येतात, कारण तिकडे औषध मिळालं नाही. महाराष्ट्रात राज्याच्या तरतुदींमुळे त्या डॉक्टरांना ती लिहिता येते. पण मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केलं की हा हक्क ज्या राज्याने दिला त्या राज्यापुरताच. म्हणजे कर्नाटकातल्या काउंटरवर त्या चिठ्ठीवर शेड्यूल एच देणं अडचणीचं. एमबीबीएस डॉक्टरची चिठ्ठी कोल्हापूर जिल्ह्यातली आहे म्हणून नाकारायचं मात्र काही कारण नाही, सही, तारीख, नोंदणी क्रमांक बघा आणि द्या.

खानापूर_औषधी
मग त्या पेशंटला परत चंदगडला पाठवायचं?

चंदगडी_वाट
नाही. गडहिंग्लज किंवा चंदगडच्या दुकानांत दोन-तीन फोन करून कुठे माल आहे ते शोधून द्या आणि नाव ठेवून घ्यायला सांगा. नाहीतर इथल्या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या एमबीबीएस डॉक्टरकडे जुनी चिठ्ठी घेऊन जाऊ दे, ते तपासून आपली लिहून देतील. केमिस्ट लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारताना औषधाचं नाव, ताकद, संख्या एवढंच टाका. चिठ्ठीचा फोटो टाकतात काहीजण, त्यात पेशंटचं नाव, आजार, सगळं शंभर लोकांपुढे जातं. ते कृपा करून बंद करा.

सीमाकाठ
तुटवड्यात दारात येणाऱ्या अनोळखी सप्लायरबद्दलही सावध राहा. मालाच्या टंचाईतच बनावट माल खपतो. बिलाशिवाय एक स्ट्रिपही आत घेऊ नका. बॅच नंबर बिलावर, खोक्यावर आणि स्ट्रिपवर तिन्ही ठिकाणी जुळवा. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन करून आलेला बॅच नंबर छापील नंबरशी जुळतो का बघा. छपाईत अक्षरं पसरलेली, फॉइल ढिलं, नेहमीपेक्षा जास्त स्कीम, यातलं काहीही दिसलं तर माल बाजूला ठेवून औषध निरीक्षकांना कळवा.

अथणी_शिवार
मी फार्मासिस्ट नाही, घरात टीबीचा पेशंट आहे. सरकारी गोळ्या मधे आल्या नाहीत तर मेडिकलमधून घेतलेल्या चालतात का? आणि कंपनीच माल पाठवत नाही तर तक्रार कुठे करायची?

मलप्रभा_तीर
ताई/दादा, टीबीच्या औषधात एक दिवसही खाडा नको, आणि चारपैकी एक औषध कमी करून तीन तर अजिबात नको. सरकारी ४ एफडीसी (चार औषधं एकत्र असलेल्या) गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५ असतं आणि वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या ठरते. खाजगीत मिळणाऱ्या गोळ्यांची प्रमाणं वेगळी असतात, त्यामुळे 'रोज तितक्याच' असा हिशोब लागत नाही. शेवटच्या आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच आरोग्य केंद्राच्या टीबी कर्मचाऱ्याला सांगा. निक्षय (टीबी पेशंटची सरकारी नोंदणी व्यवस्था) हेल्पलाइन १८००-११-६६६६. बाहेरून घ्यायची वेळ आलीच तर डॉक्टरने वजन बघून लिहिलेली नवी चिठ्ठी हवी. दुकानदारांनो, ही औषधं एच१ मध्ये आहेत, रजिस्टरची नोंद आणि निक्षयवर कळवणं दोन्ही आपलं काम आहे.

तक्रार राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाकडे: 'फार्मा जन समाधान' किंवा १८००-१११-२५५. ब्रँड, ताकद, कंपनी, किती दिवसांपासून नाही, कुठल्या दुकानांत विचारलं, एवढं लिहा. किंमत नियंत्रणाखालचं औषध कंपनीला बंद करायचं असेल तर २०१३ च्या आदेशानुसार किमान सहा महिने आधी कळवावं लागतं. त्यामुळे अचानक गायब झालेल्या औषधाची लेखी तक्रार वाया जात नाही. दुकानदारांनीही करावी. शॉर्ट बुकात (संपलेल्या मालाच्या वहीत) नाव लिहून रोज स्टॉकिस्टला विचारत बसण्यापेक्षा हे उपयोगी.

पेठेतला_फार्मासिस्ट
कंपनी बदलून दिल्यावर घरी जे होतं तेही लिहायला हवं. आपल्याकडे म्हातारी माणसं गोळी रंगावरून ओळखतात. घरी पांढऱ्या चार गोळ्या उरलेल्या असतात, आपण गुलाबी देतो, आणि दोन्ही सुरू राहतात. डोस दुप्पट. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा: 'पांढऱ्या गोळीच्या जागी ही. दोन्ही घ्यायच्या नाहीत.' मराठी वाचणाऱ्याला मराठीत, कन्नड वाचणाऱ्याला कन्नडमध्ये. वाचता येत नसेल तर जुनी रिकामी स्ट्रिप नव्याला रबराने बांधून द्या आणि बोलून दाखवा.

खानापूर_औषधी
पावसाळा आहे म्हणून एक भर. साप चावलेल्याचे नातेवाईक सर्पदंशाची लस शोधत मेडिकल मेडिकल फिरतात. तो वेळ जीवाचा असतो. ती देण्याआधी-नंतर पेशंटवर डोळा ठेवावा लागतो, रिअ‍ॅक्शन येऊ शकते, सुरुवातीलाच दहाच्या आसपास कुप्या लागू शकतात. आपण एक कुपी शोधून दिली तरी काही होत नाही. १०८ लावून द्या, तालुका हॉस्पिटलला फोन करून स्टॉक आहे का विचारा, नसेल तर थेट बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाकडे गाडी वळवायला सांगा.

दूधगंगा
शेवटचं विचारतो. संधिवाती तापाच्या (रुमॅटिक फीवरच्या) मुलांचं बेंझाथिन पेनिसिलिन सतत तुटतं. त्याला काय पर्याय?

औषधशास्त्र_वर्ग
मोठ्यांना आणि मोठ्या मुलांना १२ लाख युनिट, दर तीन किंवा चार आठवड्यांनी स्नायूत. त्याच्या जागी क्रिस्टलाइन पेनिसिलिन किंवा प्रोकेन पेनिसिलिन देता येत नाही. एकाचा असर तासांत संपतो, दुसऱ्याचा दिवसा-दोन दिवसांत, आणि हे तर आठवडेच्या आठवडे हृदयाच्या झडपेला राखायचं आहे. खोक्यावर नुसतं 'पेनिसिलिन' बघून कुपी काढू नका, 'बेंझाथिन' शब्द वाचा. इंजेक्शन मिळेपर्यंत डॉक्टर पेनिसिलिन व्ही २५० मिग्रॅ रोज दोनदा तोंडाने देऊ शकतात, पण ते रोज न चुकता घेतलं तरच. अ‍ॅलर्जी असेल तर औषधच वेगळं, तो निर्णय पूर्ण डॉक्टरचा.

अशा मुलांची तारखांची वेगळी वही ठेवा. २१ दिवसांची तारीख असेल तर चौदाव्या दिवशी स्टॉक बघायचा. नसेल तर त्याच दिवशी मिरज, कोल्हापूर, हुबळी विचारून घ्यायचं आणि सतराव्या दिवसापर्यंत कुपी हातात आली नाही तर डॉक्टरला कळवून तोंडी औषधाची चिठ्ठी आधीच घेऊन ठेवायची.